नखाएवढ्या पतंगांची ओळख

पावसाळी रात्री बडोद्यात फतेगंजच्या एखाद्या गच्चीवर दिव्याशेजारी पांढरी चादर टांगली, की नखाएवढे पतंग येऊन बसतात. त्यांची जात ठरवायला जाणकार सोबती हवेत. त्यांना एकच फोटो पुरत नाही. वरून व बाजूने काढलेले फोटो, मिलिमीटरमधली लांबी, तारीख, ठिकाण आणि आसपासच्या वनस्पतीही कळवाव्यात. तपकिरी पंखांवर पांढरा पट्टा आणि जवळ माठाची भाजी असेल, तर ‘स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस’ असण्याची शक्यता मोठी. त्याच्या अळ्या माठाची पाने गुंडाळून खातात. काही जाती दिसायला इतक्या सारख्या असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये तपासावी लागतात. तसे करता येत नसेल, तर नोंद कुळ किंवा प्रजातीपाशी थांबवावी. चुकीच्या नावापेक्षा अपुरी पण खरी नोंद अभ्यासाला अधिक उपयोगी पडते.