पेशींतला प्रवाह

तळ्याच्या तळाशीं कारा नांवाची शेवाळवर्गांतील एक वनस्पति उगवते. तिची एकेक पेशी कधीं १० सेंटिमीटरपर्यंत लांब भरते. १७७४ सालीं कोर्ती या इटालियन पंडितानें ती सूक्ष्मदर्शकाखालीं धरली, तों आंतील रस अखंड फिरतांना दिसला. त्याचा वेग सेकंदाला सुमारें मिलिमीटरचा एक दशांश. क्षुल्लक वाटतो खरा. पण साखरेच्या कणानें नुसतें आपोआप पसरत जावयाचें म्हटलें, तर पेशीच्या दुसऱ्या टोकास पोहोंचण्यास महिने लागतील. प्रवाहांत तो सुमारें १७ मिनिटांत पोहोंचतो.

हा रस फिरवतें कोण? पेशीच्या भिंतीलगतच्या तंतूंवरून मायोसिन नांवाचे रेणु चालतात व रसास ओढतात. इतक्या लहान जागीं पाणीहि काकवीसारखें वागतें. ओढ थांबली कीं प्रवाह थांबला. याला द्रवगतिशास्त्राचें गणित लावणें हा आज पीएच्. डी.चा विषय आहे. केंब्रिजच्या उपयोजित गणित विभागांत त्यावर संशोधन झालें आहे.

जीवशास्त्र घेतलें नाहीं, म्हणजे हें दार बंद, असें मी वर्गांत गणितांत हुशार अशा अनेक मुलांस सांगितलें. तें चुकलें. अशा संशोधनास गणिताचे व पदार्थविज्ञानाचे पदवीधर घेतात; सूक्ष्मदर्शक हाताळणें ते तेथें गेल्यावर शिकतात.