ओसियाँच्या धोऱ्यांवरची रात्र

लाभपंचमीला पेढीचे व्यवहार पुन्हा सुरू होतात, कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि पुण्यातील ओसवाल घरांत मारवाडच्या प्रवासाची बोलणी निघू लागतात. नाकोडा, राणकपूर, जेसलमेर, लोद्रवा आणि कुलदेवीच्या दर्शनासाठी ओसियाँ, हा क्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका मुक्कामाची भर पडली आहे. देवदर्शन आटोपल्यावर एक रात्र वाळवंटात, तंबूत. आणि त्यापूर्वी वाळूच्या टेकड्यांवरून मोटार किंवा मोटारसायकल पळवण्याचा तास-दोन तासांचा खेळ. घरातील तरुणांच्या दृष्टीने प्रवासाचे खरे आकर्षण तेच असते. वडीलधारी मंडळी त्याकडे कौतुक आणि काळजी अशा संमिश्र नजरेने पाहतात.

भवानी पेठेत किराणा मालाची पिढीजात पेढी असलेले एक गृहस्थ मात्र हा विषय निघाला की वेगळ्याच कारणाने गप्प होत असत. आज त्यांचे वय ६८ आहे. घरातील कोणालाही ठाऊक नव्हते की या खेळाची गोडी त्यांनी स्वतः २६ व्या वर्षीच चाखली होती.

गोष्ट १९८३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीची. पुतण्याच्या जडुल्यासाठी, म्हणजे आपण ज्याला जावळ म्हणतो त्या विधीसाठी, सारे कुटुंब ओसियाँला निघाले होते. त्या काळी अहमदाबादपर्यंत रुंद रुळांवरून जायचे आणि तेथून पुढे छोट्या गाडीने, मीटर गेजने, मारवाड गाठायचे. जोधपूरला पोहोचेपर्यंत कपड्यांचा मूळ रंग ओळखू येत नसे. जोधपूरहून ओसियाँ सुमारे ६५ किलोमीटर उत्तरेस. जडुला झाला, प्रसाद झाला, आणि बायकामंडळी धर्मशाळेत विसावल्यावर हे गृहस्थ, त्यांचा चुलतभाऊ आणि जोधपूरचा एक आतेभाऊ, असे तिघे जण दोन राजदूत मोटारसायकली घेऊन गावाबाहेरच्या धोऱ्यांकडे निघाले. धोरा म्हणजे मारवाडी बोलीत वाळूची टेकडी. पुण्यात जन्मलेल्या पिढीने हा शब्द आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. वस्तू पाहिलेली नसते.

ओसियाँ हे साधे गाव नव्हे. प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळी, म्हणजे आठव्या शतकात, तेथे महावीरस्वामींचे मंदिर उभे राहिले आणि ओसवाल हे नावच या गावावरून आले. परंपरा सांगते की आचार्य रत्नप्रभसूरींनी येथील राजाला व प्रजेला जैन धर्माची दीक्षा दिली आणि देवीपुढे दिला जाणारा पशुबळी थांबवला. तेव्हापासून चामुंडा ही सच्चियाय माता झाली. मंदिराच्या पायऱ्या उतरून थोडे पुढे गेले की वाळू सुरू होते. ज्या भूमीने गोत्रे दिली तिनेच पुढे अन्न नाकारले. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, छपन्निया दुष्काळ मारवाडात आजही नावाने ओळखला जातो. त्याच्या आधीपासून आणि त्याच्या नंतरही घरामागून घर दक्षिणेकडे सरकत राहिले. लोटा आणि दोरी घेऊन निघालेल्यांच्या कथा प्रत्येक घराण्यात आहेत. पूर्वजांनी जी वाळू जीव वाचवण्यासाठी सोडली तिच्यावर नातवंडे मौजेसाठी तिकीट काढून जातात, ही गोष्ट हे गृहस्थ हसून सांगतात, पण त्या हसण्यात टोचणीही असते.

वाळूवर वाहन चालवणे ही एक विद्या आहे आणि त्या दुपारी ती तिघांपैकी एकालाही येत नव्हती. पहिल्या शंभर पावलांतच पुढचे चाक रुतले. आतेभावाने कोणाकडून तरी ऐकले होते, म्हणून चाकांतली निम्मी हवा सोडली. टायर मऊ झाला की तो वाळूवर पसरतो, भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो आणि चाक रुतण्याऐवजी तरंगते. आजही मोटारीने धोऱ्यावर जाणारे ३०-३२ पौंडांची हवा १६-१८ वर आणतात ती याच कारणाने. पुढचे धडे पडत-झडत मिळाले. चढावर मध्येच गती कमी करायची नाही. चढण सरळ चढायची, तिरकी नाही, नाहीतर वाहन कुशीवर लोळते. थांबायचेच असेल तर उताराकडे तोंड करून थांबायचे. करकचून ब्रेक लावला की चाकापुढे वाळूचा ढीग साचतो आणि निघताना तोच आडवा येतो. तासाभराने मात्र दोन्ही राजदूत खरोखरच धोऱ्यांवर नाचू लागल्या. तो आनंद कशासारखा होता, असे विचारले तर ते म्हणतात की लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाला जेव्हा प्रथमच कळते की जमिनीला रस्ता असण्याची सक्ती नाही, तेव्हा जे वाटेल ते.

थरच्या धोऱ्यांना घडण असते. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून जोराचे वारे वाहतात. त्यामुळे त्या बाजूची चढण पसरट आणि मागची, ईशान्येची बाजू एकदम कोसळणारी, ३० ते ३४ अंशांची. पसरट बाजूने वेगात येणाऱ्याला माथ्यापलीकडचे काहीही दिसत नाही. आणि हिवाळ्याच्या तोंडी दुपार कलली की सावली असते ती त्या कोसळणाऱ्या बाजूलाच.

त्या सावलीत एक राईका, म्हणजे मेंढपाळ, पागोटे तोंडावर ओढून झोपला होता. मोटारसायकल माथ्यावरून हवेत उडाली ती त्याच्या डोक्याजवळ येऊन पडली आणि तशीच घसरत पायथ्याशी गेली. मेंढ्या उधळल्या. चालवणारे हे गृहस्थच होते. राईका उठून बसला, ओरडला नाही. खाली उतरून त्याने रुतलेली गाडी बाहेर काढायला हात दिला, कोणत्या गावचे ते विचारले आणि ‘पुणे’ हे उत्तर ऐकून त्याला काहीच बोध झाला नाही. जाताना आपल्या बोलीत तो एवढेच म्हणाला की माथ्यावर आधी माणूस चढतो, मग ऊंट.

तिघेही गप्प झाले, पण परत फिरले नाहीत. रात्र तिथेच काढायचे आधीपासून ठरले होते. आईने बांधून दिलेले थेपले, खाकरे आणि स्टीलच्या कळशीतले उकळलेले पाणी सूर्यास्तापूर्वी संपवले. चौविहार असल्याने पुढे काही शिजवायचे नव्हते, म्हणून विस्तवही नव्हता, कंदीलही नव्हता. किडे-पतंग दिव्यावर येऊन मरतात, हे लहानपणापासून शिकवलेलेच होते. कृष्णपक्ष असल्याने चंद्र उशिरा उगवणार होता. कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवणारे काहीच नसते; वाळू दिवसा जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते, आणि नऊच्या सुमारास तिघेही रजईत गुरफटून केवळ वर पाहत पडून होते. आकाश क्षितिजापर्यंत खाली आले होते. दुरून उंटाच्या गळ्यातील घंटा एकदा वाजली, मग तीही थांबली. त्या अंधारासारखा अंधार आणि त्या शांततेसारखी शांतता पुन्हा कधी लाभली नाही, असे ते सांगतात. चाळीस वर्षे जी आठवण छळत राहिली ती या रात्रीची. गाडी पळवण्याची त्यामानाने कमी.

पहाटे उजाडल्यावर धोरा सारा लिहिलेला होता. दवाने वाळू किंचित घट्ट झाली होती आणि तिच्यावर रात्रभराचे येणे-जाणे उमटले होते: भुंग्याच्या बारीक टाक्यांची शिवण, वाळूतील उंदरांच्या जोड-उड्या, एका कोल्ह्याची सरळ रेघ. पृष्ठभागाखालून मासोळीसारखी पोहत जाणारी एक सरडवर्गीय चिमुकली पाल असते. तिने उठवलेली नागमोडी वळीही होती. आदल्या दुपारी वाऱ्याने साथ दिली नव्हती, म्हणून राईका झोपला होता ती जागाही तशीच राहिली होती. डोक्याचा खळगा स्पष्ट दिसत होता. त्याच्या शेजारून राजदूतच्या चाकाची खूण गेली होती. मधले अंतर एका वितीचे होते. धर्मशाळेत परतल्यावर तिघांनीही याविषयी कोणाला काही सांगितले नाही. चुलतभाऊ आता हयात नाही.

आज ओसियाँचे धोरे पूर्वीसारखे मोकळे नाहीत. गावाभोवती तंबूंच्या वसाहती आहेत, उंटांच्या आणि जीपगाड्यांच्या सफरी आहेत. जेसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील सम येथे तर तंबूंची रांगच लागते. सूर्यास्त हाच तेथे कार्यक्रमाचा प्रारंभ असतो: शेकोटी, नाच, ध्वनिक्षेपक, रात्रीचे जेवण. जैन भोजन मागितले की मिळते; अंधार मागितला तर मिळत नाही. रोजगार पुष्कळांना मिळाला, हे मान्यच केले पाहिजे. पाण्यावाचून गाव सोडावे लागणाऱ्या प्रदेशात ही लहान गोष्ट नव्हे. परंतु समच्या लगतच १९८० साली घोषित झालेले ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे गोडावणाचा अखेरचा मोठा आसरा आहे. गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, आणि आज तेथे तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. सबंध देशात दीडशेच्या आसपास उरल्याचे सांगतात. हा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो. त्याच्या नाशाचे मोठे कारण विजेच्या तारा आणि आक्रसत चाललेली कुरणे हे आहे, पर्यटकांची चाके नव्हेत; तरी उघड्या जमिनीवर ‘येथे काहीच नाही’ असे समजून वाहन घालणारा माणूस त्या एका अंड्याचा जमाखर्च मांडत नाही, हेही खरे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण म्हणून एक व्रत आहे. प्रयोजनावाचून घडणारी हिंसा टाळण्याचे ते व्रत धोऱ्यावर जितके आठवते तितके पेढीवर आठवत नाही.

पुण्याला या छंदाचे वेड काही परके नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचा पाया घालणारे नवलमल फिरोदिया हे अहमदनगरच्या जैन घराण्यातले. २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच कंपनीची गुरखा ही गाडी डोंगर-वाळूसाठीच घडलेली आहे. वाळवंटाचे नाव धारण करणारी महिंद्रची थार नाशिकला तयार होते, आणि त्यातील बऱ्याच गाड्यांना बाणेर रस्त्यावरील खड्ड्यांपलीकडे काही पाहायला मिळत नाही. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ च्या जानेवारीत सौदी अरेबियातील डकार क्लासिकमध्ये टोयोटा लँडक्रूझर घेऊन भाग घेतला, तेव्हा शहरातील कितीतरी तरुणांनी तो मार्ग नकाशावर बोट ठेवून अभ्यासला. डकारची शर्यत १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून प्रथम निघाली. तिची कल्पना सुचली ती थिएरी साबिन या फ्रेंच माणसाला, तो स्वतः लिबियाच्या वाळवंटात वाट चुकल्यावर.

या गृहस्थांचा नातूही त्या तरुणांतला. यंदा तीन गाड्यांचा ताफा घेऊन ओसियाँ आणि सम करण्याचा बेत त्याने आखला. नमुना म्हणून त्याने एक चित्रफीत घरात सर्वांना दाखवली. तीत एकामागून एक गाड्या माथ्यावरून उडत होत्या. दादाजींनी ती थांबवायला लावली आणि ४२ वर्षांनी ती वितीची गोष्ट सांगितली. घर थक्क झाले. नातवाने आधी राजदूतविषयीच दहा प्रश्न विचारले. राईक्याकडे तो उशिराने वळला.

“दादाजी, तो उठला नसता तर?”

“तो झोपलेलाच होता रे. वाचलो तो मी.”

बेत रद्द झाला नाही. दादाजींची तशी इच्छाही नव्हती. यादी मात्र बदलली. ध्वनिक्षेपक वगळला गेला. फावडी, हवा मोजण्याचे यंत्र, हवा भरण्याचा पंप आणि दोन रुंद फळ्या आल्या. समच्या तंबूवसाहतीऐवजी ओसियाँतच गावाच्या ओळखीने एका शेतकऱ्याच्या मोकळ्या शेताकडेची जागा ठरली, जेवण सूर्यास्तापूर्वी, दिवे नाहीत. वाहने केवळ जुन्या चाकोरीतून जातील आणि प्रत्येक माथ्यापाशी आधी एक जण पायी वर जाऊन पलीकडे पाहील, असे ठरले. ते काम दादाजींनी स्वतःसाठी मागून घेतले होते. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिल्यामुळे आता ते सोळा वर्षांच्या नातीकडे गेले आहे. तिने त्यासाठी लाल रंगाची ओढणी निवडली आहे, आणि ती हलवल्याशिवाय कोणीही गाडी पुढे घ्यायची नाही, असे भावाकडून लिहून घेतले आहे.