चारठाण्याचं ऊन आणि आतले सदतीस अंश

मे महिन्यातल्या दुपारी चारठाण्याच्या यादवकालीन मंदिरांचा काळा दगड असा तापतो, की अनवाणी पाय टेकवत नाही. जिंतूर तालुक्यातल्या या गावात तेव्हा सावलीतली हवाच ४२-४३ अंशांची असते. डिसेंबरच्या पहाटे तोच दगड बर्फासारखा गार लागतो. परभणीकडच्या थंडीत पारा दहाच्याही खाली उतरतो. दगड ऋतू नेईल तिकडे जातो. त्याला टेकून बसलेल्या माणसाच्या पोटात मात्र मे असो की डिसेंबर, ३७ अंशच!

थंडीत हे जमवणं त्या मानानं सोपं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात आणि उष्णता आत राहते. तेवढ्यानं भागलं नाही, तर हुडहुडी भरते. स्नायू आपोआप थरथरतात आणि त्यातूनच ऊब तयार होते.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. नुसता बसलेला माणूसही ८० ते १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत तयार करत असतो. ती बाहेर पडलीच नाही, तर अंग तासाला जवळपास एका अंशानं तापेल. एरवी ही उष्णता कातडीवरून हवेत निघून जाते. पण हवा ४३ अंशांची आणि कातडी ३५-३६ अंशांची असली, की गणित उलटतं. आता हवाच अंगाला तापवू लागते.

मग उरतो एकच मार्ग, घाम. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जेमतेम चार ग्रॅमचा भाग आहे. रक्त किंचित तापल्याचं त्याला कळतं आणि कातडीतल्या २० ते ४० लाख घर्मग्रंथींना निरोप जातो. माठातलं पाणी ज्या न्यायानं गार होतं, त्याच न्यायानं आपणही: पाणी पाझरतं, वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. किती? एक लिटर घाम पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी. तेवढ्या उष्णतेत माठातलं, २५ अंशांचं सात लिटरांहून जास्त पाणी उकळीला येईल!

एकेक ग्रंथी म्हणजे कातडीत वेटोळं घालून बसलेली बारीक नळी. वेटोळ्यात तयार होणारा घाम रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो. वर येताना नळीची भिंत त्यातलं बरंचसं मीठ परत शोषून घेते. घाम भराभरा आला, तर तिला तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून खरिपाआधी धसकटं वेचणाऱ्याच्या सदऱ्यावर, पाठीशी, मिठाचे पांढरे पट्टे उमटतात.

शरीर उन्हाला सरावतंही. दहा-पंधरा दिवस उन्हात काम केलं, की घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. शहरातून सुट्टीला आलेल्या पाहुण्याला जे ऊन पहिल्याच दिवशी आडवं करतं, त्यात गावकरी काम उरकतो, ते एवढ्यासाठी.

पण घाम गळला तर वाया, वाळला तरच कामाचा. मराठवाड्याचं कोरडं ऊन घाम वाळवतं, बदल्यात पाणी मागतं. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर सहज जातं. जूनमध्ये आभाळ भरून येतं, पारा उतरतो, तरी जीव कासावीस होतो. हवेतच ओल असल्यानं घाम नुसता निथळतो.

या साऱ्यालाही मर्यादा आहे. आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात. तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचं, जोरानं वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाणी हवं कातडीवर, कारण जे काम त्याच्या घर्मग्रंथींना झेपेनासं झालं, ते आता आपल्याला बाहेरून करायचं आहे.