गवत कापायचे यंत्र घेताना

आम्ही माजिवड्याचे. इथे आता इमारती झाल्या. पण गावाकडे ज्यांची मोठी वाडी आहे, त्यांना पावसाळ्यात गवत आवरत नाही. मग यंत्र घ्यावेसे वाटते.

'झिरो टर्न' यंत्रावर बसून गवत कापतात. त्याची मागची दोन चाके वेगवेगळी चालतात. एक पुढे नि एक मागे फिरवले, की यंत्र जागच्या जागी वळते. सपाट मैदानावर काम झपाट्याने होते. पण ओल्या उतारावर चाके घसरली, तर वळणेही गेले नि थांबणेही गेले! यंत्र उलटून माणूस खाली सापडतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपली जमीन पाहा. उतार, बांध, दगड असतील तर खांद्यावरचे यंत्र बरे. तेही डोळ्यांना चष्मा नि पायांत बूट घालूनच चालवावे. खडा उडाला तर डोळा जाईल.