घसादुखी आणि हृदयाची झडप

सिमेंट कारखान्यांमुळे गडचांदूरचे नाव महाराष्ट्रास परिचित आहे. अशा औद्योगिक गावातील दाटीच्या वस्त्यांत एका मुलाचा घसा धरला, की ते दुखणे भावंडांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. चार दिवसांत मूल बरे होते आणि दुखणे विस्मरणात जाते. परंतु घशात विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जंतू असले, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो व सांधे एकामागून एक सुजतात. हाच संधिज्वर होय. तो मुख्यतः 5 ते 15 या वयातील मुलांना गाठतो.

जंतूंविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती यात स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा मात्र प्रत्येक नव्या आघाताने जाड व आखूड होत जातात. पुढे ऐन तारुण्यात धाप लागते. कित्येक स्त्रियांचा हा विकार गरोदरपणीच उघडकीस येतो. हृदयात धरलेली गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघातही होतो.

यावरील उपाय जुना व स्वस्त आहे. पेनिसिलिन बनविणारा सरकारी कारखाना पिंपरीत 1954 सालीच स्थापन झाला. संधिज्वर एकदा होऊन गेलेल्या मुलास दर तीन आठवड्यांनी दीर्घ परिणामाचे पेनिसिलिन टोचल्यास पुढील आघात टळू शकतात. हृदयास इजा झाली असल्यास हे किमान दहा वर्षे चालवावे लागते. म्हणजे वर्षाला सतरा आणि दहा वर्षांत सुमारे पावणेदोनशे खेपा! औषधाची किंमत नगण्य असली, तरी प्रत्येक खेपेस पालकाची मजुरी बुडते. मिरची तोडणीसाठी कुटुंब तेलंगणात गेले, की मुलाचे इंजेक्शनही चुकते. झडपेच्या महागड्या शस्त्रक्रियेस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे. ती टाळणाऱ्या या बुडीत मजुरीची नोंद मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात नाही.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या हृदयविकाराचा समावेश आहे. पण निदानानंतरची दहा वर्षे सांभाळणार कोण? अशा प्रत्येक मुलाच्या पुढील इंजेक्शनची तारीख शाळेने हजेरीपटात नोंदवावी, आरोग्य केंद्राने चुकलेल्या मुलाचा शोध घ्यावा, स्थलांतरितांस सोबत नेण्याचे कार्ड द्यावे आणि खेपेच्या दिवसाची मजुरी शासनाने भरून द्यावी. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळच ठरेल.