बिनतारी सिग्नल : कारागीर बंधूंसाठी माहिती

ताडकळससारख्या गावाजवळ पुलाचे काम निघाले की रस्ता एकेरी होतो आणि मालाच्या गाड्या दोन्हीकडे अडकतात. अशा वेळी दोन्ही टोकांना चाकांवरचे, सौरऊर्जेवर चालणारे सिग्नल लावता येतात. ते रेडिओलहरींनी एकमेकांशी जोडलेले असतात. एक हिरवा, तर दुसरा लालच. संपर्क तुटताच दोन्ही लाल झाले पाहिजेत. घेताना हे तपासावेच.

आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीपर्यंत विनापरवाना वापरता येतो. फास्टॅगही त्यातच चालतो. अमेरिकेतला ९०२ ते ९२८ चा पट्टा येथे तसा खुला नाही. त्यातला काही भाग मोबाईल सेवेचा आहे. म्हणून स्वस्त परदेशी यंत्र आणण्याआधी त्यावरचा आकडा वाचावा, असे आम्ही दुरुस्ती करणाऱ्या बंधूंना सुचवतो.