नवपित्याचे नैराश्य : ज्याची नोंद होत नाही असा रुग्ण

प्रसूतीनंतर मातेला येणाऱ्या नैराश्याविषयी आता थोडेफार बोलले जाते. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील पाहणीत, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या होत्या. त्याच घरातील पित्याच्या मनःस्थितीची विचारपूस मात्र क्वचितच होते. कोरोनाच्या साथीने ही उणीव ठळक केली, म्हणून हा विषय आपणांपुढे मांडीत आहोत.

पित्यालाही असे नैराश्य येते, हे शास्त्राने मान्य केलेले सत्य आहे. पॉलसन व बेझमोर या अमेरिकी संशोधकांनी २०१० साली ४३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. पत्नीच्या गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के पित्यांमध्ये नैराश्य दिसून आले. बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना हे प्रमाण सर्वाधिक होते, आणि जेथे माता खचलेली तेथे पिताही खचलेला असण्याचा संभव अधिक होता.

पुरुषाचे दुःख बहुधा अश्रूंतून प्रकट होत नाही. चिडचिड, अबोला, झोप उडणे, मद्यपान वाढणे, घरी उशिरा परतणे, बाळाला जवळ घेण्याचे टाळणे, अशी त्याची रूपे असतात. घरची मंडळी त्याला बेजबाबदारपणा म्हणतात. दुर्दैव असे की, तो स्वतःही तसेच समजतो.

आपल्या शहापूर-मुरबाड परिसरात या प्रश्नाला वेगळी धार आहे. येथील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी ती रक्कम अंगमेहनतीने फेडतात. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, ती नेमकी या हंगामाच्या भरात. आसनगाव-कसाऱ्याहून मुंबईकडे कामाला जाणाऱ्यांची लोकल त्याआधीच थांबली होती. अत्यावश्यक सेवेत नसलेल्या पुरुषांना तिची दारे पुन्हा उघडली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांपुरती. या दहा महिन्यांत ज्यांच्या घरी पाळणा हलला, त्या पित्यांचा विचार करावा.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे आणि बाळंतिणीच्या खोलीपासून पुरुषाने दूर राहावे, ही आपली जुनी रीत. तीत मायाही आहे. परंतु त्या काळात पित्याने करावयाचे काय, याचे रीतीने दिलेले उत्तर एकच : कमवावे. टाळेबंदीने नेमके तेच काढून घेतले. जिल्ह्याची सीमा ओलांडण्यास परवाना लागे, प्रसूतिकक्षात नातलगांना मज्जाव असे; कित्येकांनी आपले अपत्य प्रथम पाहिले ते मोबाइलच्या पडद्यावर. आपल्यामुळे घरात रोग शिरेल ही भीती होतीच.

साथ ओसरली, तरी उचल, स्थलांतर व दुरावा कायम आहेत. यावर उपाय योजताना नवी यंत्रणा उभारावी लागेल असे आम्हांस वाटत नाही. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. २०१८ साली सुरू झालेल्या बालसंगोपन कार्यक्रमात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांतही तिची भेट ठरलेली आहे. यांपैकी तिसरा व सहावा महिना हाच पित्याच्या दृष्टीने कठीण काळ. त्या भेटीत "दादा, झोप लागते का? जेवण जाते का?" एवढे विचारले, तरी पुष्कळ उलगडते. नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मातांसाठी १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली पित्यांसाठीही वापरता येते. मात्र पुरुष आपले दुःख कमी करून सांगतात, म्हणून त्यांच्याबाबत कमी गुणांवरही सावध व्हावे लागते.

कुटुंबीयांना विनंती अशी की, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा संताप टिकून राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. समुपदेशनाने अनेकांना बरे वाटते. औषधे लागलीच, तर त्यांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, तोवर ती मध्येच बंद करू नयेत. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी आल्यास मात्र त्या व्यक्तीला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात आणावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.